बर्फाचा आवाज

पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लसीकरण विभागात मी सिस्टर आहे. लस टोचायला आता वीस वर्षं होत आली. मे-जून आला की आमची सोसायट्यांमधली फ्लूची शिबिरं सुरू होतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि लस टोचल्यावर तिचा उपयोग व्हायला दोनेक आठवडे जातात. म्हणून पाऊस धरायच्या आत टोचून मोकळं व्हायचं.

त्या शनिवारी कोथरूडच्या सोसायटीत चाळीस जणांनी नावं दिली होती. क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, एका काकूंनी चहाची व्यवस्था ठेवली होती. पहिल्या रांगेत एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांना दम्याचा जुना त्रास, श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजत होती. आजी म्हणाल्या, "चार वर्षं मागे लागलेय, तेव्हा कुठे आज तयार झालेत." त्यांच्या मागे आठवा महिना लागलेली एक मुलगी, सोबत सासूबाई. सासूबाईंचा चेहराच सांगत होता की त्यांना हे फारसं पटलेलं नाही.

मी टेबलावर सगळं मांडलं आणि व्हॅक्सिन कॅरियरचं, म्हणजे लस थंड ठेवून न्यायच्या पेटीचं, झाकण उघडलं. आतल्या थर्मामीटरवर उणे 2.1 आकडा होता.

फ्लूची लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. उन्हात राहिली तर खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गोठली तरीही ती वाया जाते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणून कॅरियरमध्ये ठेवायचे आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढले की लगेच भरायचे नसतात. ओट्यावर ठेवायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा, मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की तो तयार. आवाज आला नाही तर आणखी थांबायचं. मला हे पहिल्याच वर्षी एका वयस्कर मेट्रनने शिकवलं होतं आणि तेव्हापासून मी तो खळखळाट ऐकल्याशिवाय कॅरियर बंद केलेला नाही. त्या सकाळी गाडीला उशीर झाला होता. कॅरियर नव्या मुलीने भरला, मी फक्त "भरला का?" एवढं विचारलं. ती "हो" म्हणाली. चूक माझी आहे, तिची नाही. कॅरियर माझ्या सहीने बाहेर पडतो.

मी एक सिरिंज उचलून उजेडात धरली. अर्धा मिली द्रव, स्वच्छ, पातळ. बर्फाचा कण नाही, गुठळी नाही. टोचली असती तर समोरच्या कुणालाही कळलं नसतं. बाधाही बहुधा झाली नसती. फक्त ऑगस्टमध्ये ताप आला असता तेव्हा ती लस उपयोगी पडली असती की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि आजोबा मात्र लस घेतली म्हणून निर्धास्त राहिले असते.

विभागात फोन केला. तिकडून पहिला प्रश्न, "गोठलेली दिसतेय का?" मी म्हटलं, "दिसत नाही. पण शून्याच्या खाली किती वेळ होती ते मला माहीत नाही." थोडा वेळ फोनवर शांतता. एका डोसमागे दीड-दोन हजार, गुणिले चाळीस. तो हिशोब दोघांच्याही डोक्यात चालू होता. मग साहेब म्हणाले, "परत घेऊन या."

चाळीस माणसांसमोर उभं राहून हे सांगणं मला फार जड गेलं. मी काहीही झाकलं नाही. थर्मामीटर हातात धरून दाखवला, काय चुकलं ते सांगितलं, माफी मागितली. मागून एक गृहस्थ चिडले, कारण ते ऑफिसची सुट्टी टाकून आले होते. त्यांचा राग बरोबरच होता. आजोबा म्हणाले, "अहो, टोचा की. पाण्यासारखीच तर दिसतेय." मी नाही म्हटलं. सासूबाई सुनेला म्हणाल्या, "बघ, मी सांगत नव्हते?" आणि दोघी उठून गेल्या. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

2009 चा ऑगस्ट मी विसरलेले नाही. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी 3 ऑगस्टला आपल्या पुण्यातच घेतला. 14 वर्षांची शाळकरी मुलगी. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं अख्खं शहर, बंद पडलेल्या शाळा. मी तेव्हा नवीन होते. गरोदर बायकांना हा आजार किती झपाट्याने गाठतो तेही तेव्हाच कळलं. शिवाय बाळाला स्वतःची फ्लूची लस सहा महिन्यांआधी देता येत नाही. तोवर त्याच्याकडे असतं ते आईने लस घेतल्यावर तिच्या रक्तातून आलेलं संरक्षण. म्हणून त्या मुलीचं उठून जाणं माझ्या मनातून जाईना.

बुधवारी नवा साठा घेऊन पुन्हा गेलो. या वेळी पॅक मी स्वतः भरले, त्या नव्या मुलीच्याही कानाशी धरले. चाळीसपैकी एकतीस आले. सुट्टी टाकणारे गृहस्थ आले, ऑफिसला जायच्या आधी. आजी-आजोबा पहिल्या खुर्चीवर. आजींनी आधी थर्मामीटर मागितला, चष्मा लावला, मोठ्याने वाचलं, "चार पूर्णांक सहा," आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "बाही वर करा." लस दरवर्षी घ्यावी लागते, विषाणू रूप बदलतो तशी लसही बदलते, हे मी सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "ते मी बघते पुढच्या वर्षीचं."

ती मुलगी आली नाही. बाळंतपणाला माहेरी गेली, कराडजवळ, असं शेजारणीने सांगितलं. शिबिराच्या यादीत तिचा नंबर होता. रात्री मी फोन लावला, तो तिच्या आईने उचलला. मी कोण, शनिवारी काय झालं, ते सगळं पहिल्यापासून सांगितलं. ही लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते, तिच्यातून फ्लूची लागण होत नाही, पोटातल्या बाळाला धोका नाही, हेही सांगितलं. आपल्या राज्यात गरोदर बायांना ती सरकारी दवाखान्यात फुकट देतात, साठा आहे का ते आधी विचारून घ्या, म्हटलं.

"सोमवारी तपासणीला नेतेच आहे," आई म्हणाली. "पण ताई, तिथं नेमकं इचारायचं काय? मला नाव नाही ध्यानात राहायचं."

मी म्हटलं, कागद घ्या. एकेक शब्द सावकाश सांगत गेले. इन्फ्लुएंझाची लस. आठवा महिना. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, ही वेगळी. कार्डावर नोंद करून घ्या. पलीकडून प्रत्येक शब्दानंतर "हं" येत होतं, आणि मधेच, "थांबा ताई, पेन चालंना."