व्हिमची पहिली व्हिमआरसी

व्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा टेक्स्ट एडिटर. टर्मिनलवर ‘व्हिम’ आणि पुढे फाइलचं नाव लिहून एंटर दाबलं की तो उघडतो. थेट ४०व्या ओळीवर जायचं असेल तर नावाआधी अधिक चिन्ह आणि त्याला चिकटून ४० लिहा. टाइप करायला आधी आय दाबा. सेव्ह करून बाहेर पडायला एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर.

खरी गोची होते ती सेटिंगमध्ये. होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल बनवून त्यात नुसतं ‘सेट नंबर’ लिहिलं, तर ओळींना आकडे येतात, पण कोडचे रंग अनेकदा गायब होतात! कारण व्हिम ८ पासून डीफॉल्ट्स, म्हणजे व्हिमसोबत येणाऱ्या तयार सेटिंगची फाइल आपोआप वाचली जाते ती तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तरच. म्हणून पहिल्याच ओळीत ‘रनटाइम’, जागा सोडून ‘डीफॉल्ट्स डॉट व्हिम’ लिहा. ही ओळ कधीच वगळू नका. मग ‘सेट शिफ्टविड्थ’, बरोबरचं चिन्ह आणि ४ (ओळ आत सरकवायची रुंदी), आणि ‘सेट एक्सपांडटॅब’ (टॅबऐवजी स्पेस). पण मेकफाइलला (‘मेक’ कमांडच्या सूचनांची फाइल) खरा टॅबच लागतो. डीफॉल्ट्स वाचलेली असली की व्हिम तो स्वतः सांभाळतो.

सवयीने कंट्रोल-एस दाबून पडदा गोठला, तर टर्मिनल बंद करू नका. कंट्रोल-क्यू दाबा.