ती काळी पट्टी

आज अँब्युलन्सच्या ट्रेनिंगमध्ये मोबाईलला जोडायचा सोनोग्राफीचा प्रोब पहिल्यांदा हातात घेतला. जेल लावून मित्राच्या उजव्या बरगड्यांवर टेकवला. स्क्रीनवर यकृत आणि किडनी अगदी चिकटून. सर म्हणाले, "मार लागून आत रक्त साठलं, की ह्या दोघांच्या मधे काळी पट्टी दिसती." बास, दोन मिनिटांचं काम. (पट्टी नाही म्हणजे रक्तस्राव नाहीच, असं मात्र नव्हे.) परदेशात काही ठिकाणी पॅरामेडिक हे गाडीतच बघतात.

आपल्याकडं १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा. सोनोग्राफीचं मशीन कुठं, कोणी वापरायचं, सगळं नोंदलेलं; म्हणून गाडीत सहज ठेवता येत नाही. पटतंय. २००१ ला आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. तरी गगनबावड्याकडनं पेशंट आणताना त्याचं पोट नुसतं चाचपत बसलेलो, ते आज तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिकमध्ये आठवत होतं.