कोल्हापुरात घर पाहुण्यांना द्यायचंय? आधी गिझर बघा

कोल्हापुरात फ्लॅट किंवा जुनं घर एक-दोन दिवसांच्या मुक्कामाला भाड्यानं द्यायचं ठरलं की पहिला खर्च होतो सोफ्यावर आणि भिंतीवरच्या चित्रांवर. इथं येणारा बहुतेक पाहुणा मात्र अंबाबाईच्या दर्शनाला आलेला असतो. एका गाडीतून सहा ते नऊ माणसं, त्यात आजी-आजोबा आणि एखादं तान्हं बाळ. रात्री उशिरा पोचायचं, पहाटे साडेचारला उठायचं, सगळ्यांच्या अंघोळी उरकून उजाडायच्या आत रांगेत लागायचं. दुपारी जोतिबा नाहीतर पन्हाळा, परतीच्या वाटेवर नरसोबाची वाडी. घरात ते जागे असतात जेमतेम चार तास. त्यात गरम पाणी संपलं तर सोफा कितीही भारी असो, अभिप्राय व्हायचा तसाच होतो.

हिशोब साधा आहे. माणशी २० लिटर कोमट पाणी धरलं, तर आठ जणांना १६० लिटर लागतं. ही बादलीची अंघोळ झाली. शॉवर सोडला की दुप्पट धरा. १५ लिटरचा गिझर ६० अंशांवर असेल तर गार पाणी मिसळून त्यातून साधारण ३५ लिटर अंघोळीचं पाणी निघतं, थंडीत ३०. म्हणजे दोन माणसं संपली. पुढच्या दोघांसाठी २ किलोवॅटच्या कॉइलला पुन्हा वीसेक मिनिटं. एकाच बाथरूममधून आठ जण काढायचे तर तासभर नुसता वाट बघण्यात जातो, आणि तोही दर्शनाच्या घाईतला. दोन्ही बाथरूममध्ये २५-२५ लिटरचे गिझर घ्या. गच्चीवर जागा असेल तर २०० लिटरचं सोलर उत्तम, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. ढगाळ आठवड्यात त्यातून कोमटही येत नाही, म्हणून आत बॅकअप कॉइल हवीच.

आता विजेचं. दोन गिझरचे ४ किलोवॅट, दीड टनाचा एसी दीडेक, आणि कुणीतरी पहाटे चहाला इंडक्शन लावतंच, त्याचे २. बेरीज साडेसात. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तो बघा, आणि तो कमी असेल तर घर सुरू करण्याआधीच महावितरणकडे वाढवून मागा. नाहीतर मेन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडणार, तोही पाच वाजता, आणि फोन तुम्हाला येणार. प्रत्येक गिझरला बोर्डातून वेगळी ४ चौरस मिमीची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि १६ अँपिअरचं सॉकेट. सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या हातानं स्विच दाबणाऱ्या अनोळखी माणसांच्या घरात तिथं काटकसर करायची नसते. सॉकेट काळं पडत असेल तर बहुतेक वेळा गिझर दोषी नसतो, आतला वायरचा स्क्रू सैल असतो. दर सहा महिन्यांनी इलेक्ट्रिशियनकडून सगळे स्क्रू आवळून घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलवर क्षार बसतात, गिझर कडकड आवाज करतो आणि पाणी तापायला जास्त वेळ घेतो. वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढायचे आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलायचा. रॉड संपला की गंज टाकीला धरतो.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये कधीही नको. खिडकी लावून चार जण एकामागून एक अंघोळ करतात, आतला प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आतच बेशुद्ध पडतो.

पाणी साठवायचं गणित याच्याच पाठोपाठ येतं. आठ माणसांना दिवसाला ८०० ते १,००० लिटर धरा. नळ ठराविक वेळेला येतो, एखाद्या दिवशी येतही नाही. म्हणून वर १,००० लिटर आणि खाली २,००० लिटर असं असावं, आणि मोटरला पातळी बघून आपोआप चालू-बंद होणारा सेन्सर बसवावा. मोटर कोणी लावायची हे पाहुण्याला शिकवण्याच्या भानगडीत पडू नका.

चादरी. पांढऱ्या घ्या म्हणून सगळे सांगतात, कारण डाग दिसतो आणि ब्लीचही करता येतं. ते खरंच आहे, पण कोल्हापुरात डाग वेगळे पडतात. देवळातून आलेला माणूस कपाळावर मळवट, हातात कुंकवाची पुडी आणि पिशवीत ओटीचं सामान घेऊन थेट पलंगावर टेकतो. कुंकू सांडलं की पहिली चूक ओल्या फडक्यानं पुसण्याची होते. कोरडं कुंकू झटकून निघतं, ओलं केलं की रंग सुताच्या आत जातो. आधी चादर बाहेर झटका, उरलेलं ब्रशनं काढा, मगच गार पाणी. हळदीच्या डागाला साबण लावलात तर तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. घाबरायचं कारण नाही, भरपूर पाण्यानं धुवून कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तांबड्या रश्शाचा डाग तेलाचा असतो, तिथं भांडी घासायचं लिक्विड दहा मिनिटं लावून मग मशीन. याहून सोपं म्हणजे दाराच्या आतच एक छोटा कट्टा ठेवा, त्यावर स्टीलचं ताट: प्रसाद, नारळ, कुंकू इथं ठेवा. लोक आनंदानं ठेवतात. मेकअप आणि कुंकू पुसायला मरून रंगाचे दोन नॅपकीन टांगले की पांढरे टॉवेल वाचतात.

प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो, कारण वाळतच नाही. अर्धवट वाळलेली चादर घडी घालून ठेवली की दोन दिवसांत कुबट वास येतो आणि तो इस्त्रीनं जात नाही. पांघरायला जाड ब्लँकेटऐवजी सोलापुरी चादरी ठेवा. दर मुक्कामानंतर धुता येतात, लवकर वाळतात. गादीला वॉटरप्रूफ कव्हर लहान मुलांसाठी हवंच.

सहा जणांचं बुकिंग आणि दारात नऊ, हे इथलं नेहमीचं. भांडू नका, जाहिरातीतच लिहा की सहाच्या वर माणशी इतके रुपये, गादी-पांघरुणासह, आणि कमाल नऊ. तीन जादा गाद्या घरात असू द्या. भाड्याचा आकडा ठरवताना लक्षात घ्या की सफाई आणि धुणं हा खर्च रात्रीवर नाही, मुक्कामावर पडतो. यात्रेकरू एकच रात्र राहतो. समजा भाडं ३,००० रुपये, त्यातून सफाईला ५००, धुण्याला ३००, वीज-पाणी १५०, बुकिंग पोर्टलचं कमिशन १५ टक्के म्हणजे ४५०. हातात राहिले १,६००. म्हणून पहिल्या रात्रीचा दर चढा आणि दुसऱ्या रात्रीला घसघशीत सूट, हे ‘किमान दोन रात्री’च्या अटीपेक्षा इथं जास्त चालतं. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी मागणी जास्त. नवरात्र, चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि मे महिना यांचे दर दोन महिने आधी लावून ठेवा. किरणोत्सवाच्या तारखा ठरलेल्या आहेत: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो हा सोहळा, त्यामुळे या दिवसांत पाहुण्याला दुपारी एकच्या आत घर मिळालं पाहिजे.

नवरात्रात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच रात्रीची दोन बुकिंग. दोन पोर्टलची कॅलेंडरं लिंकनं जोडली तरी ती लगेच जुळत नाहीत, मध्ये काही तास जाऊ शकतात. गर्दीच्या दिवसांत एकीकडे बुकिंग आलं की दुसरीकडे हातानं तारीख बंद करा. व्हॉट्सॲपवर ‘ये की’ म्हणण्याआधीही तेच.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारे सकाळीच दारात असतात आणि घर मिळायचं असतं बारा-एकला. सामान ठेवायला कुलूपबंद जागा आणि बाहेरच्या बाजूला एक टॉयलेट-बाथ असेल तर अर्धी कटकट मिटते. गाडीवाल्यांना पार्किंग आधी सांगा, तेही स्पष्ट: तावडे हॉटेलवरून आत या, टेम्पो ट्रॅव्हलर गल्लीत वळत नाही, ती बिंदू चौकात लावा. पेठेतलं घर असेल तर नवरात्रात रस्ते बंद असतात हेही कळवा. पाहुण्यांत कर्नाटक, आंध्र, तेलंगणातले बरेच असतात. सूचनांचा एक कागद कन्नड आणि तेलुगूत करून घेतलात की फोन निम्मे होतात.

स्वयंपाकघरात घरगुती लाल सिलिंडर ठेवू नका, व्यवसायासाठी तो वापरता येत नाही. निळा व्यावसायिक घ्या किंवा इंडक्शन द्या. मटण चालतं की नाही, हे सोसायटीला आधी विचारून जाहिरातीत लिहा. मटण खायलाच आलेल्या पाहुण्याला दारात नाही म्हणणं वाईट. सोसायटीची परवानगीही लेखी घ्या, अध्यक्षांनी जिन्यात मान डोलावली ती धरू नका.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र बघून वहीत नोंद करायची. आधारची प्रत घ्यायचीच तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत मागा. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत इमिग्रेशनच्या पोर्टलवर भरावी लागते. वर्षाची सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही आणि पोर्टलवरून आलेल्या बुकिंगचा कर पोर्टलच भरतं. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. पॅन पोर्टलवर भरलेला नसेल तर टीडीएस ५ टक्क्यांनी कापतात, तेवढं पहिल्याच दिवशी करून टाका.

राहिला पूर. शाहूपुरी, नागाळा पार्क किंवा जयंती नाल्याच्या काठाला तळमजला असेल तर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि बोर्ड, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन त्याच्या वर न्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला आलं की पुढच्या तीन दिवसांच्या पाहुण्यांना कळवायचं आणि पैसे परत करायची तयारी ठेवायची. ४३ च्या पुढं शिरोलीजवळ महामार्ग बंद होण्याची भीती असते. तुमचं घर कोरडं असलं तरी पाहुणा पोचणार नाही, आणि आत असलेला निघू शकणार नाही. त्यांच्यासाठी चार दिवसांचं पिण्याचं पाणी आणि तांदूळ-डाळ घरात असू द्या, कारण पुरात नळाचं पाणी हमखास बंद होतं.