म्हशीची वेळ

‘पाळणे’ हे क्रियापद मोठं गमतीचं. शब्द पाळतात, वेळ पाळतात, सोवळं पाळतात आणि म्हैसही पाळतात. पहिल्या तिन्हींत बांधलेले आपण असतो. चौथ्यात मालक आपण, असं आपणच ठरवून टाकलंय. आमच्या आजीला ते मान्य नसावं.

सोलापुरात बाळीवेशीतल्या आमच्या घरी पंढरपुरी म्हैस होती. शिंगं तलवारीसारखी, मागे वळून पार खांद्यापलीकडे गेलेली. दार मात्र माणसाच्या मापाचं. बाईसाहेब उंबऱ्याशी थांबायच्या, मान तिरकी करून आधी एक शिंग आत घ्यायच्या, मग दुसरं. मागे पाहुणा ताटकळला तर ताटकळू दे. एकाच जागी शिंग घासून चौकटीला बोटभर खाच पडली होती.

वैरण मालदांडीच्या कडब्याची. मालदांडी ३५-१ हे वाण आमच्याच जिल्ह्यातलं, मोहोळला निवडलेलं. एकाच ज्वारीचं कणीस आम्हाला, ताट तिला. जेवायला बसल्यावर हा ‘ताट’चा विनोद काका रोज करायचे, रोज हसावं लागायचं.

माणसानं गुरं माणसाळवली त्याला सुमारे १०,००० वर्षं झाली म्हणतात. मांजर उंदरांच्या मागे धान्याच्या कोठारात आपणहून आली, आणि नोकरी कायम झाल्यासारखी अजून वागते. पण आमच्या घरात कोणी कोणाला माणसाळवलं होतं, हे सांगणं अवघड.

गिरणीचा पहाटेचा भोंगा व्हायच्या आत आजी चरवी घेऊन गोठ्यात. काकू धारेला बसली की म्हैस पान्हा चोरायची. त्यामुळे आजी कुठे मुक्कामाला राहिलीच नाही. पंढरपूरला गेली तरी संध्याकाळच्या धारेला परत.

“विठोबा समजून घेतोय रे. ही नाही घेत.”

१९७२ च्या दुष्काळात कडबा परवडेना. व्यापारी आला, रुमालाखाली काकांची बोटं धरून भाव ठरला, तोही पडेल. जाताना दारात म्हैस सवयीनं थांबली, मान तिरकी करून एकेक शिंग बाहेर काढलं. आजीनं म्हैस दिली, दावं दिलं नाही. ते गुंडाळून खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी गोठ्याची कडी वाजली.