शुक्रवारपर्यंतची मुदत

रविवार, रात्री साडेदहा. डनेडिन, न्यूझीलंड.

काल दिवसभर अलेक्झांड्रा गावी होतो. पाय अजून दुखताहेत, पण हे लिहून ठेवल्याशिवाय झोप लागायची नाही.

नदीकाठचं सोनं काढायला निघालेल्या एका कंपनीत माझे शेअर आहेत, तिचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून आहे. जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ केलेत, एकास एक, मुदत शुक्रवारची. पैसे भरले नाहीत तर माझा वाटा निम्म्यावर येईल. दोन वर्षांपूर्वी आठ हजार डॉलर घातले होते, आजच्या भावाने त्यांचे जेमतेम तीन हजार होतात.

घेतले तेव्हा मी यंत्रावर भाळलो होतो, हे आज कबूल करतो. माझा पेशाच यंत्रांचा. नदीकाठच्या सपाटीवर तळं खणायचं, त्यात ड्रेज म्हणजे उपसा करणारं यंत्र तरंगत ठेवायचं, बादल्यांच्या साखळीने तळाची भर उपसायची, फिरत्या चाळणीतून गोटे मागे टाकायचे आणि बारीक रेतीतलं सोनं धरायचं. पुढे खणत जायचं, मागे भरत जायचं, तळं आपलं यंत्राबरोबर सरकत राहतं. आराखडा बघताना मला खरंच आनंद झाला होता.

काल म्हणून मुद्दाम अलेक्झांड्राजवळचे अर्नस्क्लूचे ढीग बघायला गेलो. क्लूथा नदीच्या काठाला जुन्या ड्रेजनी टाकलेल्या गोट्यांच्या रांगाच रांगा आहेत. नांगरटीसारख्या, फक्त एकेक सरी माणसापेक्षा उंच. मधूनमधून रानटी थाईम उगवलंय, बाकी दगड. मातीच नाही. ड्रेज बारीक माती आधी खाली टाकतो आणि गोटे तिच्यावर, म्हणजे जमीन उलटी होते. वर्षं लोटली तरी ती सुलटी झालेली नाही. अर्धा तास एका ढिगावर बसून राहिलो. आराखड्यात हे कुठेच दिसलं नव्हतं.

ओटागोचं, म्हणजे या आमच्या प्रांताचं, सोनं सुरू झालं १८६१ साली, गेब्रिएल रीडच्या घळीतून. पुढच्याच वर्षी हार्टली आणि रायली या दोघांनी क्लूथाच्या काठावरून ८७ पौंड सोनं आणून याच डनेडिनमध्ये जमा केलं. हाताने मिळणारं संपत आल्यावर यंत्रं आली. १८८९ मध्ये डनेडिनचे चिनी व्यापारी चोई स्यू हॉय यांनी शॉटओव्हर नदीवर ड्रेज यशस्वी करून दाखवला आणि मग सगळे नदीत उतरले. १८९९-१९०० च्या सुमारास तर या शहरात ड्रेज कंपन्यांच्या शेअरांचं वेडच लागलं होतं. त्यातल्या कित्येक कंपन्यांचा ड्रेज कधी पाण्यात उतरलाच नाही. मी रोज ज्या रस्त्यांनी ऑफिसला जातो, त्याच रस्त्यांवर तेव्हा कुणीतरी माझ्यासारखंच पत्र हातात घेऊन उभं असेल.

सोनं धरायच्या टेबलांवर त्या काळी काथ्याच्या चटया घालत. हे वाचलं आणि थेट वाशिष्ठीची खाडी आठवली. धाकटे काका हातपाटीवाले. बांबू धरून बुडी मारायची, पाटी वाळूने भरायची, वरच्याने ती होडीत ओढून घ्यायची. दिवसाच्या वाळूला माणसाच्या दमाचीच मर्यादा होती. मग रात्रीचे सक्शन पंप आले. आमच्या आगराखालचा काठ दोन पावसाळ्यांत ढासळला, तीन माड पाण्यात गेले. आज फोनवर आईला ड्रेजबद्दल सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पंपच ना रे?" मी म्हटलं, नाही गं, इथे कायदा कडक आहे. ते खोटं नाही. इथे सरकारचा खाणपरवाना वेगळा आणि नदीला, जमिनीला काय होईल ते तपासून प्रादेशिक कौन्सिल देते ती संमती वेगळी. पण आमच्या कंपनीच्या पत्रांत ती संमती दोन वर्षं "अंतिम टप्प्यात" आहे.

जेवण झाल्यावर आकडे घेऊन बसलो. कंपनी सांगते, घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम सोनं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, तेव्हा एका औंसासाठी सुमारे २०७ घनमीटर उपसा. ही सरासरी १४ बोअरची, म्हणजे नमुन्यासाठी पाडलेल्या खोल भोकांची आहे आणि त्यातल्या दोन बोअरमध्ये ४२० च्या आसपास लागलंय. ती दोन बाजूला ठेवली तर उरलेल्या बाराची सरासरी १०५ येते. म्हणजे औंसाला जवळपास ३०० घनमीटर. घनमीटरमागे डिझेल आणि पगार मात्र दोन्हीकडे तेवढेच. नदीतलं सोनं सारखं पसरलेलं नसतंच. जड म्हणून ते तळाच्या खडकावर, त्याच्या भेगांत जाऊन बसतं. इथला खडक शिस्ट, खडबडीत, आणि बादली भेगेत शिरत नाही. शिवाय जुने लोक या सपाटीवर कुठे कुठे खणून गेलेत, ते पत्रात नाही. चाचणी म्हणून काही हजार घनमीटर उपसून, धुऊन, वजन करून दाखवलं असतं तर मी पैसे भरले असते. नवे पैसे चाचणीसाठी नाहीत, ड्रेजच्या आगाऊ रकमेसाठी आहेत. संमती हातात नसताना.

हिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग विकून मोकळे का होत नाही?"

विकणार नाही. नवे घेणार नाही, हेही आज ठरलं. पण शेअर हातात आहेत तोवर वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: चौदाही बोअरच्या मूळ नोंदी, आणि वरची माती आधी वेगळी काढून शेवटी पुन्हा वर पसरायला लागणारा खर्च हिशेबात धरलाय का. सेक्रेटरींना लिहायचा मजकूर तयार केलाय, सकाळी एकदा वाचून पाठवतो. अर्नस्क्लूच्या ढिगाचा एक फोटोही जोडणार आहे.