परवान्यातून गळालेले हानले

लडाखला जीपने जायचे म्हणून कोणी चौकशी केली, की मी हल्ली खिंडी आणि सरोवरांची वर्णने करत बसत नाही. सीमेलगतच्या भागांत जाण्यासाठीच्या परवान्याचा कागद हाती येताच त्यावरची ठिकाणांची नावे स्वतः वाचा, एवढेच आधी सांगतो. कोल्हापुरातल्या ज्या एजंटाकडे आम्ही मित्रांनी पैसे भरले, त्यांनी ‘परवान्याचं तुम्ही काय बघूच नका, लेहची आमची माणसं करतात की,’ असे ठासून सांगितले होते. नुब्रा खोरे, तिथून श्योक नदीच्या काठाने पँगाँग सरोवर आणि पुढे चुशूलमार्गे हानले गाव असा मार्ग ठरला होता. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि आपले कोल्हापूर जेमतेम ५५० वर, त्यामुळे विरळ हवेची सवय होण्यासाठीची सुरुवातीची सक्तीची विश्रांती आम्ही निमूटपणे घेतली.

निघायच्या सकाळी कागद हाती आला, तेव्हा त्यावर नुब्रा होते, पँगाँग होते. हानले मात्र नव्हते. एजंटाच्या लेहमधल्या माणसांच्या कार्यालयातला मुलगा ‘साहेब येतील’ म्हणाला. साहेब आले, त्यांनी तोच कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि हानले कळवलेच नव्हते, असे सांगितले. कोल्हापूरला फोन लावला, तर एजंट म्हणाले, कळवले होते. उलट तुमचेच फोन लागत नव्हते. ही सबब मला फार झोंबली, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे लडाखमध्ये चालत नाहीत हे ठाऊक असल्याने मी मुद्दाम पोस्टपेड क्रमांक घेऊन गेलो होतो. (तुम्हीही घ्या.) मग नव्याने अर्ज, मग संकेतस्थळ उघडेना, ते उघडले तर प्रिंटरमधला कागद संपलेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आम्ही घरून नेलेल्या भडंगाची पाकिटे फोडली. विरळ हवेने ती उशीसारखी टम्म फुगली होती. बाहेर आमचे चालक दर पंधरा मिनिटांनी घड्याळ दाखवत होते. दुरुस्त कागद मिळाला तेव्हा दुपार टळली होती, आणि नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत घालवायची संध्याकाळ खारदुंग-ला खिंड उतरण्यातच गेली.

चालकांची घाई उगाच नव्हती, हे श्योकच्या वाटेवर कळले. दिवस तापतो तसा वरचा बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी वाढते, म्हणून ती वाट सकाळीच ओलांडायची असते. एका ओढ्यापाशी ते खाली उतरले, पाण्यातले दगड काठीने चाचपले, पुढची गाडी कुठून निघते ते पाहिले आणि मग लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर), एकाच गिअरवर, मध्ये कुठेही न थांबता जीप पलीकडे काढली. तिथे चालकाशी बोलू नये.

परवान्याच्या भरपूर झेरॉक्स लेहमध्येच काढा, कारण चौक्यांवर प्रत ठेवून घेतात. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल मात्र निघण्यापूर्वी आपल्याच डॉक्टरांना विचारा. आणि एजंटाला सगळी रक्कम आगाऊ मुळीच देऊ नका. परत आल्यावर राहिलेल्या पैशांतून मी झेरॉक्सचा आणि त्या दिवशी थांबवून ठेवलेल्या जीपचा खर्च कापून घेतला. त्यावर एजंटांचा फोन अजून तरी आलेला नाही, आणि माझा क्रमांक तर चालू आहे.