हा शॉट कोणाचा होता?

शॉर्टफिल्म दाखवली की आमच्या गावात दोनच प्रतिक्रिया येतात. "एक नंबर!" नाहीतर "आमच्या पोराले काहून नाही घेतलं?" दिग्दर्शन आपल्याला येतं की नाही, हे या दोन्हींतून कळत नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचा फॉर्म भरायचं मनात होतं. पदवी कुठल्याही शाखेची चालते, तो प्रश्न नव्हता. पण दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे विषय तिथे वेगवेगळे, आणि दिग्दर्शन-पटकथालेखनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घरातून तीन वर्षं मागायची, तर आपण नेमकं काय मागतोय हे आधी स्वतःला माहीत हवं.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं, पूर्व विदर्भातल्या आमच्या रंगभूमीचं माहेरघर. दिवाळी झाली की इथे रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा "नाटकात काय ठेवलंय" म्हणणारेही जरा गप्प झाले. सांगायचं कारण असं, की आमच्याकडे नट शोधावा लागत नाही. सिनेमाचं कोणाला विचारावं, हीच अडचण.

माझी फिल्म साधीच होती. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेले दोन शेतकरी धान खरेदी केंद्रावर काट्याच्या नंबरासाठी रात्रभर आपापल्या पोत्यांवर बसून असतात, एवढंच. बरी झाली. पण "फिल्म बरी झाली" म्हणजे "मला दिग्दर्शन येतं" असं होत नाही. चांगला कॅमेरावाला आणि चांगला नट मिळाला तर दिग्दर्शकाशिवायही बरंच काही बरं होऊन जातं! म्हणून एडिटिंगची टाइमलाइन उघडून एकेक शॉट थांबवला आणि वहीत त्याच्यापुढे लिहीत गेले, की हे कोणी ठरवलं? खाने चार: मी, कॅमेरा, नट, योगायोग.

सुरुवातीची पानं वाचून जीव थोडा झाला. केंद्रावरच्या जुन्या ट्यूबलाइटमुळे मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकत होते. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तसली ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होते. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधला की पट्टे जातात. कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्राने ते करून टाकलं, मला दिसलंही नव्हतं. पोत्यांच्या थप्पीमागून घेतलेली पहिली फ्रेम, जिची सगळ्यांनी तारीफ केली, तीही त्याचीच. 'कॅमेरा' हा खाना भरभर भरत गेला.

मग खर्रा आला. दोघांतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणारे मामा झाडीपट्टीत मुरलेले. त्यांनी मनानेच खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटायला घेतला आणि घोटता घोटता पुडी नकळत शेजाऱ्याकडे सरकवली. मी 'नट' लिहिलं आणि थांबले. पहिल्या टेकला त्यांनी ते सीनच्या सुरुवातीलाच केलं होतं. तिथे ते नुसतं गोड दिसत होतं. "मामा, हे आता करू नका, शेवटी करा, तोवर पुडी खिशातच राहू द्या," असं मी म्हटलं होतं. खर्रा त्यांचा, पण जागा माझी. अशा नोंदींसाठी खाना नव्हता म्हणून पाचवा आखला: 'दुसऱ्याचं, पण निवड माझी'. खरं सांगायचं तर वहीतला कामाचा खाना तोच ठरला.

त्यात सगळ्यात ठळक नोंद आवाजाची होती. शूटच्या रात्री कुठल्याशा गावात नाटक सुरू होतं. भोंग्यावरचं गाणं शेतांवरून थेट आमच्या माइकमध्ये. एका टेकमध्ये लावणी, दुसऱ्यात नुसता ढोलकीचा तुकडा. कापून जोडलं की गाणं मध्येच उडी मारणार. मित्र म्हणाला, उद्या करू. मी शेजाऱ्याला त्या ढोलकीवर बोटांनी पोत्यावर ताल धरायला लावला आणि मामांना तो चोरून ऐकायला सांगितलं. भोंग्याचा आवाज वेगळा, सलग रेकॉर्ड करून ठेवला आणि एडिटमध्ये सगळ्या शॉटखाली एकच पट्टी अंथरली. योगायोग होता खरा, पण त्याचं काय करायचं ते मी ठरवलं होतं.

नटांशी बोलण्याचंही तसंच. मामांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "थोडं कमी करा" म्हटलं की ते नुसतेच मलूल व्हायचे. शेवटी वैतागून म्हणाले, "सांग ना वं पोरी, करू तरी काय?" कमी करा, दुःखी व्हा हे नटाला करता येत नाही, काहीतरी काम द्यावं लागतं. मी म्हटलं, "त्याच्या लक्षात येऊ न देता तुमची पोती मोजा. एखादं त्याच्या थप्पीत गेलं असेल तर?" त्यानंतर आवाज आपोआप खाली आला आणि डोळे कामाला लागले. हे मला जमतं, हे मी आता न लाजता लिहू शकते.

जे जमत नाही ते मायने दाखवून दिलं. फिल्म आवाज बंद करून तिला दाखवली आणि काय कळलं ते विचारलं. ती म्हणाली, "हा बुडगा कोनाकडं पाहून रायला?" दोघे शेजारीशेजारी बसलेत हेच तिला कळलं नव्हतं. दोघांना एकत्र दाखवणारा शॉट फार उशिरा येत होता. त्यातच कॅमेरा दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडून पलीकडे गेला होता, म्हणून एकमेकांकडे बघणारी माणसं एकाच दिशेला बघताना दिसत होती. संवाद ऐकू आले की हे झाकलं जातं. कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला दाखवणं ही माझी कच्ची बाजू. पटकथाही सपाट वाटते, पण ती आणखी लिहून सुधारेल असं वाटतं. जागेचं तसं नाही, त्यासाठी मुद्दाम हात बसवावा लागतो.

सध्या रोज एका जागेचा वरून दिसणारा नकाशा काढते: गोठा, रेशन दुकान, एसटीचा थांबा. त्यात दोन माणसं ठेवायची, रेषा मारायची आणि तीनच शॉटमध्ये जागा समजवायची. मोबाइलवर फोटो काढून मायला दाखवायचे. तिला कळलं नाही तर पुन्हा.

ध्वनीचा विचार बरेच दिवस डोक्यात होता, कारण कान बरा आहे. पण वहीत आवाजाच्या चांगल्या नोंदी पाहिल्या तर त्या रेकॉर्डिंगच्या नाहीत, कोणाला काय ऐकायला लावायचं याच्या आहेत. म्हणून फॉर्मवर दिग्दर्शनच. घरी तीन वर्षं मागताना बाबूजींपुढे वहीच ठेवली. त्यांनी फक्त खर्चाचं विचारलं.

पुढची फिल्म त्याच मित्रासोबत आहे. या वेळी कॅमेरा कुठे लागेल याचा कागद आदल्या दिवशी मी द्यायचा, असं ठरलंय. त्याने हो म्हटलं, एका अटीवर: ट्यूबलाइटला मी हात लावायचा नाही.